नळी कसणाऱ्यानं शेजारी बसायचं

हैदराबादेत दिलसुखनगरच्या गॅरेजात मी नवा होतो. आठवीत शाळा सुटलेली, गाव लांब, आणि मालकांनी बजावलेलं, "ह्या कामात चुकलास तर नांदेडची गाडी पकड."

काम होतं टर्बोच्या गाडीला नायट्रस, म्हणजे वेग वाढवणारा गॅस, बसवायचं. टर्बो आधीच इंजिनात हवा कोंबतो; वरून हा गॅस सोडला आणि पेट्रोल कमी पडलं, तर पिस्टन वितळतो. ते जादा पेट्रोल नेणारी नळी मी जोडली होती.

चाचणी घ्यायला बाहेरून एक चाचा आले. गॅसचा सिलिंडर उन्हानं तापू नये म्हणून त्यांनी तो ओल्या टॉवेलात गुंडाळला, ताप आलेल्या लेकराला गुंडाळावं तसा. त्यांचा रिवाज एकच: ज्यानं नळी कसली, त्यानं शेजारी बसायचं.

मोकळ्या ट्रॅकवर त्यांनी विचारलं, "डर लग रा मियाँ?"

"हौ, चाचा."

"अच्छा है. डरनेवाला नट दो बार देखता."

त्यांनी गॅसचं बटण दाबलं. माझी पाठ सीटला चिकटली.

थांबल्यावर त्यांनी प्लग काढून निरखला. टोक बिस्किटाच्या रंगाचं, म्हणजे पेट्रोल पुरलं होतं. इंजिन शाबूत होतं. ते मालकांना म्हणाले, "हौला है, पन इसकु नक्को भगाओ." हौला म्हणजे खुळा.

मालक हसले आणि पुढच्या गाडीची किल्ली त्यांनी माझ्या हातात दिली. चाचांचं नाव विचारायचं मला सुचलंच नाही. मी त्या किल्लीकडेच बघत राहिलो.