टायरवर ठेवलेल्या गिअरबॉक्सची घरघर

आधीच सांगतो, भुताखेतांशी माझं काही देणंघेणं नाही. वीस वर्षं ट्रकच्या पोटाखाली उताणा पडून काम करतोय. वरून ऑइल पडलं, नट पडले, शिव्या पडल्या... भूत एकदाही पडलं नाही. तरी हे लिहितोय, कारण दोन वर्षं झाली आणि एक कोडं मला अजून सुटलेलं नाही.

मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला माझं गॅरेज आहे. फक्त ट्रकचे गिअरबॉक्स. लोक मला 'कानवाले मिस्तरी' म्हणतात — म्हणजे आधी मीच म्हणायला लागलो, मग लोकांनी नाइलाजानं सुरू केलं.

एका दुपारी लासूर स्टेशनच्या भगवानचा फोन आला. स्वतःचा ट्रक स्वतःच चालवणारा माणूस. "मिस्तरी, गाडी उभी असली की घरघरतीय. क्लच दाबला की गप."

"फोन गिअरबॉक्सपाशी धर," मी म्हणालो. शेजारच्या लेथवाल्या रऊफभाईंनाही माझी हुशारी कळावी म्हणून स्पीकर चालू केला. डोळे मिटले (त्याची गरज नसते, पण शोभतं) आणि निकाल दिला — "पुढची बेअरिंग गेली. घेऊन ये."

"परवापर्यंत व्हईल ना? भावाची मेंढरं खुलताबादच्या घाटानं खाली न्यायचीत. वर त्याची तीन पोरं बसणारेत."

"अरे, आजच देतो!"

गिअरबॉक्स उतरवला. बेअरिंग खरंच खरखरत होती. बदलली. आता नियम असा, की एवढा जड डबा एकदा खाली आला की वरचं झाकण उघडून आतलं सगळं बघायचं. पण निदान तर फोनवरच झालेलं! आणि भूक लागलेली. झाकण तसंच राहिलं.

"पूर्ण खोलून बघितला ना, मिस्तरी?"

"पूर्ण!" मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी भगवान परत दारात. तीच घरघर.

"क्या उस्ताद," रऊफभाई ओरडले, "कान में मोम जम गया क्या?"

मी मान खाली घालून डबा पुन्हा उतरवला आणि जुन्या टायरवर ठेवला. ऑइल काढून टाकलं. नवी बेअरिंग बघितली, एकदम ठणठणीत. डोकं चालेना. बारा वाजलेले, लाइट गेलेली, रऊफभाईंचं लेथसुद्धा बंद.

आम्ही मिस्तरी लोक आवाज शोधायला लांब पेचकस वापरतो. टोक डब्याला, मूठ कानाला, डॉक्टरच्या नळीसारखं. पण ते इंजिन चालू असताना! मी मात्र हातातच चष्मा धरून चष्मा शोधणारा माणूस. सवयीनं टोक त्या थंड, रिकाम्या डब्याला लावलं.

घर्रर्र... घर्रर्र...

आत एकही चाक फिरत नव्हतं. मी कान पुसला, परत लावला. तेच. मग पेचकस भगवानच्या हातात दिला. त्यानं ऐकलं आणि हळूच म्हणाला, "व्हय. ह्योच."

स्टेशनात गाडी आली असेल म्हणून बाहेर जाऊन बघितलं, रूळ मोकळे. कोपऱ्यातल्या दुसऱ्या दोन डब्यांना टोक लावलं, गप. परत याला लावलं, घर्रर्र. पुढच्या बाजूला बारीक, वरच्या झाकणावर मोठा. रऊफभाईंनीही ऐकलं. एरवी तोंड न मिटणारा माणूस, पण एवढंच म्हणाला, "पहले इसको खोलो."

खोललं. तिसऱ्या गिअरचा फोर्क — गिअर जागेवर धरून ठेवणारा लोखंडी चिमटा — नखाएवढ्या लोखंडावर तग धरून होता. मी जरा पिरगाळला, तर हातात दोन तुकडे. भरलेली गाडी घाट उतरताना हा तुटला असता, तर गिअर सुटला असता आणि सगळा भार एकट्या ब्रेकवर आला असता. आणि वर ती पोरं.

बरं, उभ्या गाडीत फोर्क आवाज करतच नाही. सुटा डबा तर कधीच नाही.

"पर काल तर पूर्ण खोलला व्हता ना तुमी?" भगवाननं विचारलं.

तोंडात चार थापा तयार होत्या. त्याच्या तळहातावर ते दोन तुकडे होते. "नाय खोलला," मी म्हणालो. "झाकणाला हातच लावला नव्हता. खोटं बोललो."

त्यानं दोन्ही तुकडे खिशात टाकले. मग म्हणाला, "मिस्तरी, शिव्या उद्या देतो. आज बसवा."

नवा फोर्क टाकला. आधी पेचकस लावला, गप. गाडीला बसवून इंजिन चालू केलं, घरघर पूर्ण बंद. दुसऱ्या दिवशी घाटाच्या पायथ्यावरून त्याचा फोन आला आणि त्यानं शब्द पाळला. मागं मेंढरं ओरडत होती, पोरं हसत होती. मी एकेक शिवी मनापासून ऐकून घेतली.

खुलासा? ओळखीच्या इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, तुमच्या कानातलं रक्त वाजलं असेल. मग तिघांचं सारखंच कसं वाजलं, आणि दुसऱ्या डब्यांवर का नाही वाजलं, यावर त्यानं चहा मागवला.

तेव्हापासून खाली उतरलेल्या प्रत्येक डब्याला कान लावतो. गिऱ्हाइकं हसतात. आजवर परत काहीच ऐकू आलेलं नाही... म्हणून गपचूप झाकण उघडतो.