बुद्धाच्या पापण्या

आमचे हे गेले त्या दुपारी मी त्यांच्या उशाशीच बसले होते. जरासा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता. तेव्हापासून डोळे मिटायचे म्हटले की काळजात धस्स व्हायचं. वणीच्या आमच्या विहारात सगळे ध्यानाला बसत. मी मात्र लगेच डोळे उघडून भिंतीकडे बघत राही. शांती इतरांच्याच वाट्याची आहे, असं वाटू लागलं होतं.

मी चित्रकला शिकवते, म्हणून त्याच भिंतीवर बुद्ध रंगवायचं काम माझ्याकडे आलं. चीवर झालं, हात झाले. डोळे शेवटी काढायची आमची रीत, आणि तिथेच घोडं अडलं. मिटलेल्या पापण्या काढल्या की मला यांचाच चेहरा दिसे, मग मी त्या पुसून टाकी. बुद्धपौर्णिमा तोंडावर आली. विहाराचे अध्यक्ष रोज डोकावून चिडवत, "बाई, बुद्धाले दिसाले कधी लागन?" मी हसून वेळ मारून नेई, पण आतून पार खचले होते.

एका दुपारी उन्हातून एक म्हातारी आत टेकायला आली. झरी जामणीकडची होती. नातवाला दवाखान्यात दाखवून गाडीची वाट बघत होती. पोराला लुगड्याच्या घडीवर निजवून ती भिंतीला टेकली. तिचे डोळे जड झालेले पाहून मी म्हटलं, "मावशी, निजा थोडं."

"निजून नाई राह्यली, बाई. त्याचा दम आयकून राह्यली. छातीत कफ हाय न त्याच्या." मग बाटली उचलत म्हणाली, "मी पानी आनतो. तवरोक तू आयक."

माझ्या भरवशावर कुणाचा श्वास? मी नाही म्हणणार, तोवर ती गेलीसुद्धा. मी लेकराशेजारी बसले. त्याची छाती वर येत होती, खाली जात होती. नजर आपोआप खाली उतरली, पापण्या अर्ध्यावर आल्या. त्या थांबलेल्या श्वासाऐवजी हा चालता श्वास ऐकू येऊ लागला. ती परतली तेव्हा माझे गाल ओले होते.

"कायले रडतं व माय? चांगला निजला हाय तो."

तिची गाडी गेल्यावर मी डोळे काढले. ना मिटलेले, ना उघडे. कुणाचा तरी श्वास ऐकत बसलेले.

बुद्ध कुणाला काही देत नाहीत, वाट दाखवतात, हे मला लहानपणापासून पाठ आहे. तरी त्या म्हातारीला त्यांनीच धाडलं असं मनात येतं, आणि मी ते येऊ देते. पौर्णिमेला सगळ्यांसोबत ध्यानाला बसले. डोळे मिटले तसा आमच्या यांचा चेहरा समोर आला. मी डोळे उघडले नाहीत. इतके दिवस धरून ठेवलेला त्यांचा श्वास मी हळूच जाऊ दिला.