डिस्चार्ज म्हणजे बंडी खाली करणं

पोराचा फोन आला, आईले डिस्चार्ज भेटला. मी चौथी शिकलेला माणूस, पण हा शब्द मला कोणी शिकवायची गरज नव्हती. डिस्चार्ज म्हणजे बरं होऊन घरी येणं. अल्लीपुरात आमच्या अर्ध्या गल्लीला सांगून आलो. ही आता वर्ध्याच्या दवाखान्यातून परत येत नाही, असं जे बोलले होते त्यांच्या दारात मुद्दाम गेलो.

गाडी आली. सुनेनं दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला, दुखण्यातून उठलेल्या माणसावरून टाकतात तसा. पण हिला उचलूनच आत न्यावं लागलं.

मी पोराला गोठ्यामागं नेलं. तो बोरगाव मेघेला राहतो, शाळेत इंग्रजी शिकवतो. डॉक्टर काय म्हणाले विचारलं, तर इकडचं तिकडचं बोलू लागला. म्हटलं, डॉक्टरचं राहू दे, तू मास्तर हायेस, मले त्या शब्दाचा अर्थ सांग. तेव्हा त्याची जीभ सुटली. लॅटिन म्हणून जुनी भाषा, तिच्यात 'कारुस' म्हणजे बंडी, आपली बैलगाडी. त्यावरून बंडी भरायचा शब्द झाला, मग उलटा, भरलेली बंडी खाली करायचा. तो फ्रेंचांत गेला, त्यांच्याकडून इंग्रजांनी घेतला.

एवढं सांगून थांबला. मी तरुणपणी कापसाच्या बंड्या सिंदीच्या बाजाराला नेल्या आहेत. माल खाली केला की बंडीवाल्याचा संबंध संपला. पुढं तो भिजो की जळो.

"म्हणजे त्याईनं हात झटकले," मी म्हणालो.

"काही उरलं नाई, बाबा. घरी घेऊन जा म्हणे."

आत गल्लीतल्या बायका चहा पीत होत्या. दारोदार बोललेलं परत कसं घ्यावं? मी आत गेलो. हिनं जवळ बोलावलं.

"यंदाची सीतादही मीच करीन ना जी?"

कापसाच्या पहिल्या वेचणीआधी वावरात पूजा मांडून दहीभात ठेवतात, ती सीतादही. लग्न झाल्यापासून आमच्या वावरात तीच करत आली.

"तूच करजो," म्हटलं. तिच्याशी मी कधी खोटं बोललो नव्हतो.

तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. मग सुनेला हाक मारली. वावराच्या धुऱ्याजवळच्या कापसाच्या पराटीखाली मांडजो, दही घरचंच घेजो, असं सांगू लागली. सून म्हणाली, तुमी हायेत ना, मले कायले सांगता. ही थांबली नाही, पुन्हा पहिल्यापासून सांगू लागली.