एकट्याचा अल्बम, वडनेरच्या गोदामात

वडनेरला हायवेच्या कडेला माझ्या मित्राच्या वडिलांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे आणि दुकानामागं गोदाम. त्या गोदामात पोत्यांच्या थप्पीला टेकून मी इंग्लंड-इटलीतल्या जुन्या बँडांचं जेवढं संगीत ऐकलं, तेवढं दुसरीकडे कुठेच ऐकलं नाही. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात त्याला. वीस-वीस मिनिटांची गाणी, मध्येच बदलणारा ताल, शब्द सुरू व्हायच्या आधी चहा पिऊन होईल इतकी लांबलचक वाजवणी. संध्याकाळी बाहेर पडताना डोकं संगीतानं जड झालेलं असायचं आणि नाक खताच्या वासानं.

आम्ही तिघं. मित्र गिटार वाजवतो आणि दुकान सांभाळतो. दुसरा ड्रमवाला, त्याच्या घरचं जाम गावच्या चौकात चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. मी कीबोर्ड वाजवते, गाण्यांचे शब्द लिहिते आणि हिंगणघाटला एका शिकवणी वर्गात इतिहास शिकवते. हा आमचा बँड. गणपतीत आम्हाला कोणी बोलावत नाही. वर्ध्याला एका कॉलेजात वाजवलं तेव्हा पहिल्या रांगेतली पोरं शेवटपर्यंत विचारत होती, की गाणं सुरू कधी होणार.

महिन्यातल्या एका रविवारी आमची बैठक असायची. आधी एखाद्या बँडचा अल्बम ऐकायचा, मग त्याच बँडमधल्या कुणीतरी पुढे स्वतःच्या नावावर काढलेला अल्बम. मग भांडण, मग हात वर करून मत. निकालाचं एक पान मी लिहायचे आणि दुकानाच्या झेरॉक्स मशीनवर त्याच्या प्रती काढायचे; ड्रमवाला त्याला ‘बाईचं पत्रक’ म्हणायचा. नियम एकच होता आणि तो माझा होता: त्या संगीताबद्दल काही वाचायचं नाही. कोणत्या अल्बमला जग महान म्हणतं, कोण कुणाशी भांडून बाहेर पडला, काही नाही. कानानं ठरवायचं.

हा नियम मी का केला ते सांगते. मी आष्टीची. आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. बाबांच्या संघटनेची पत्रकं आठवडी बाजारात वाटायला जायच्या आधी आमच्या ओसरीवर घडी व्हायची, आणि अक्षरं मी त्यांच्यावरच गिरवली. ‘धिक्कार’ हा शब्द मला ‘कमळ’च्या आधी वाचता येत होता. पण बाबांची संघटना फुटली, मग फुटलेला तुकडा परत फुटला. कालपर्यंत आमच्याच ओसरीवर बसून पत्रकांच्या घड्या घालणारे काका आमच्या विरुद्धची पत्रकं वाटू लागले. भाषा तीच, फक्त धिक्काराखालचं नाव बदललेलं. छापील शब्दावरचा माझा विश्वास तेव्हाच गेला. माणसांनी एकत्र राहावं, हा हट्ट मात्र गेला नाही. उलट वाढला.

म्हणून माझं मत नेहमी बँडच्या बाजूनं. मी पानावर लिहायचे, की बँडमध्ये प्रत्येकाला कोणीतरी ‘नाही’ म्हणणारं असतं. गिटारवाल्याला अजून दोन मिनिटं हवी असतात आणि ड्रमवाला ताल बदलून त्याला खाली बसवतो. एकट्याच्या अल्बमवर वाजवायला आलेली माणसं पाहुणी असतात, पाहुणे ‘नाही’ म्हणत नाहीत, म्हणून ते संगीत गुळगुळीत होतं. ड्रमवाल्याचा हातही माझ्याबरोबरच वर जायचा. त्याचं कारण वेगळं होतं. “तिथं ड्रमवाल्याले रोजीनं बोलावते ना बाप्पा,” तो म्हणायचा, “शेंगा तोडाले बोलावल्यावानी.”

मित्र एकटा पडायचा. त्याचं म्हणणं असं, की एकट्याच्या अल्बममध्ये माणूस पहिल्यांदा आपल्या बोलण्याच्या वेगानं बोलतो. “बँडमदी त्याले आपल्या मायची आठवन आली तरी पंधरा मिन्टाचं गानं करा लागते. एकटा असला का तीन मिन्टात सांगून मोकळा.” मी यावर बरंच काही लिहिलं, पण हे वाक्य मला कधी नीट खोडता आलं नाही.

आमच्या सगळ्या वादांचा पाया होता एक अल्बम. पाच जणांचा बँड, सात तुकड्यांची एक सलग कहाणी. नागपूरला वसतिगृहात राहणाऱ्या एका सीनियरनं तो मित्राला पेन ड्राइव्हवर दिला होता, आणि तो पेन ड्राइव्ह गोदामातल्या साऊंड बॉक्सला कायमचा खोचलेला असायचा. त्या अल्बममध्ये एक जागा आहे. ऑर्गन अगदी एकटा, हळू वाजत राहतो, बाकीचे चौघं गप्प होत जातात, आणि तो सूर विरतो न विरतो तोच पाचही जण एकदम तुटून पडतात. कसलीच तयारी नाही, सूचना नाही. माझ्या अंगावर प्रत्येक वेळी काटा यायचा. याच ऑर्गनवाल्यानं पुढे एकट्याचा अल्बम काढला, आणि त्यात सगळं एकातून एक वाहत जातं, कुठे धक्काच नाही. त्यावर मी लिहिलं होतं, की पाच माणसांत असताना जो कडेलोट करायला घाबरत नव्हता, तो एकटा झाल्यावर जिना उतरतो. हे वाक्य माझं मलाच फार आवडलं होतं.

या उन्हाळ्यात मित्रानं सांगितलं, की तो स्वतःचा अल्बम करतो आहे. सहा गाणी, बरीचशी झालेली, लॅपटॉपवर, ड्रमसुद्धा मशीनचे. बँडचं काय, विचारलं तर पोत्यावरचं लेबल खरवडत बसला. मग म्हणाला, “एकदा शेवटचं ऐकू. तोच बँड अन् तोच ऑर्गनवाला. तू मले पटवून दे. पटलं तं मी थांबतो, बँडच करू. नाई पटलं तं जाऊ दे मले.”

“हे काय कोर्ट आहे का बे?”

“तुह्यासाठी तं कोर्टच होतं ना वं आतापर्यंत.”

मी तयारी करून गेले. हिंगणघाटहून बसनं जाताना सगळे मुद्दे डोक्यात लावून घेतले, आणि ते लावतानाच मला थकल्यासारखं झालं. दिवसभर वर्गात पोरांना सांगायचं, कोणती युती का तुटली आणि कोणता गट का वेगळा झाला. रविवारी परत तेच, गिटार घेऊन. पण हा गेला तर आमचा बँड संपणार होता. मला अजून एक फूट बघायची नव्हती.

त्या दिवशी साऊंड बॉक्स पेन ड्राइव्ह घेईना. मित्रानं दोनदा फुंकर मारली, शर्टाला पुसला, शेवटी फोनवर अल्बम शोधला आणि वायरनं जोडला. अल्बम सुरू झाला तो धाडकन. तेच तुटून पडणं, पण अगदी पहिल्याच क्षणी.

“अबे, मंधातून काऊन लावलं?” ड्रमवाला म्हणाला.

“सुरूपासून लावलं.”

“मंग हे आधी कसं आलं? हे तं त्या हळूवाल्याच्या मांगून येते.”

मित्रानं फोन आमच्यापुढे धरला. सातही तुकडे एकाखाली एक, आणि एकही आमच्या जागेवर नाही. आमचा शेवट तिसरा होता. आमचा ऑर्गनचा हळू तुकडा सगळ्यात शेवटी होता. मग ड्रमवाल्याच्या ध्यानात आलं. त्यांच्या हॉटेलात असाच बॉक्स आहे, आणि तो गाणी पेन ड्राइव्हवर ज्या ओळीनं भरली त्याच ओळीनं वाजवतो. सीनियरनं घाईत कशीही भरली असणार. ऑर्गनवाल्याचा अल्बम मित्रानं मागाहून स्वतः भरला होता, दुकानात माल लावतात तसा, एकापाठोपाठ एक. म्हणून तो वाहत होता. बँडचाही वाहतच होता. आम्हीच तो तुकडे-तुकडे ऐकत आलो होतो आणि मी त्या तुकड्यांना धाडस म्हणत आले होते. कुठेही दोन ओळी वाचल्या असत्या तर कळलं असतं. पण वाचायचं नव्हतं.

पहिल्यांदा ड्रमवाला हसला. मग मित्र. मग मीही, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मित्राचे वडील पुढच्या दुकानातून डोकावले. “काय झालं बे? गिऱ्हाईक बिचकून राह्यलं तिकडं.”

“भाऊ, कडेलोट झाला,” ड्रमवाला म्हणाला.

“पोतं पडलं का?”

“नाई. बाईचं पत्रक पडलं.”

“मंग उचला अन् हळू हसा,” म्हणून ते गेले.

हसणं थांबलं. मित्र माझ्याकडे बघत होता. मी काहीतरी बोलेन याची त्याला खात्री होती, आणि खरं तर माझ्याकडे होतंही. चुकीच्या क्रमातही आपल्याला जे भावलं ते त्या पाच जणांचंच होतं, त्यानं आपला सिद्धांत बदलत नाही, वगैरे. अशी वाक्यं मला झोपेतही करता येतात. बाबांच्या ओसरीवर कोणताच मुद्दा कधी मेला नाही, त्याला नवं पत्रक मिळायचं. पण तोंड उघडायचीच इच्छा होईना. मी म्हटलं, “आधी पुरा ऐकू. बरोबर ओळीनं.”

ऐकला. बाहेर ट्रक जात होते आणि पत्रा तापला होता. शेवटी तो ऑर्गनचा तुकडा आला, ज्याच्यानंतर माझ्या अंगावर आजवर काटा यायचा. आधी गिटार थांबली, मग ड्रम, मग गळा, मग बास. ऑर्गन एकटा राहिला, आणि त्याच्यापुढे काहीच आलं नाही. त्या चौघांना काढून टाकलेलं नव्हतं. ते तिथंच असणार, हातात वाद्यं धरून, त्याचं संपायची वाट बघत.

मित्रानं ऑर्गनवाल्याचा अल्बम लावला. त्याचा पहिला सूर तोच होता. बँडचा अल्बम जिथं संपला होता तिथूनच त्यानं तो उचलला होता. आमच्या गोदामात या दोन सुरांच्या मध्ये कायम दुसरंच काहीतरी वाजत आलं होतं.

“सांग मंग,” मित्र म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. “थांबू का जाऊ?”

“तुझी गाणी लाव.”

“अवं, पटवनार होती ना तू?”

“मी थकली रे. लाव तू.”

त्यानं लावली. पहिलं चांगलं होतं, दुसरं त्याहून चांगलं. तिसरं तीन मिनिटांचं, त्याच्या आजोळच्या विहिरीवरचं, आणि त्यात कीबोर्डला कुठेच जागा नव्हती. मी शोधली. शब्दही त्याचेच होते, साधे, मी लिहिले असते त्याच्यापेक्षा कमी आणि बरे.

“मशीनचा ताल मातर बेकार हाय,” ड्रमवाला म्हणाला. “गोठ्यात म्हैस पाय आपटून राह्यली असं वाटते.”

“मंग वाजव ना तू.”

“रोजी देशीन?”

“चहा देतो.”

“चहा मह्याच घरी हाय,” असं म्हणत त्यानं युरियाच्या पोत्यावर दोन्ही हातांनी ताल धरला. मित्रानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. तो ताल मशीनच्या थोडा मागून येत होता, आणि गाणं बरं वाटत होतं.

मी कीबोर्डला खोळ घातली. तो घरी न्यायचा की तिथंच राहू द्यायचा हे ठरत नव्हतं, म्हणून त्याच्यावर हात ठेवून बसून राहिले. मताची वेळ झाली होती. कोणी हात वर केला नाही. ड्रमवाल्याचे तर दोन्ही हात कामात होते.