सातव्या पाळणाघराचा फोन

शेखरदादा गेल्याचं मला मेलबर्नच्या क्रेगीबर्न स्टेशनच्या पार्किंगमध्ये कळलं. गाडी लावून उतरतच होते, तेवढ्यात नीलिमावहिनींचा फोन आला. "मृणाल, शेखर गेला गं. सकाळी चालायला म्हणून गेला, आणि तिथेच..." एवढंच बोलल्या. त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं, ते लिहायची लाज वाटते, पण लिहिते. आता सांगायचं राहूनच गेलं, असं मनात आलं. रडू नंतर आलं. त्याला आता पाच आठवडे झाले.

मी ॲडलेडला, मॉसन लेक्समध्ये शिकले. शिक्षण संपल्यावर व्हिसाची गाडी अडली, तेव्हा माझ्यासारखी बरीच मंडळी जातात तशी मीही थेट ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला गेले. तिकडे माणसं कमी, कामं जास्त. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथलं सरकारही एवढंसं आहे की गाव सांगितलं की माणसं ओळखू येतील. शेखरदादा तिथे मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयात होता. मूळचा पुण्याचा इंजिनिअर, पण काम उत्तरं लिहिण्याचं. बजेट मांडून झालं की तिथे आमदारांची समिती मुख्यमंत्र्यांना दिवसभर समोर बसवते आणि पाळणाघरांपासून विजेपर्यंत, रस्त्यांपासून पुलांपर्यंत वाट्टेल ते विचारते. मुख्यमंत्र्यांच्या मागच्या खुर्चीत दादा बसायचा, मांडीवर जाडजूड फोल्डर घेऊन. पुढून प्रश्न आला की मागून नेमकं पान सरकवायचा. मी त्याच्या हाताखाली कंत्राटावर लागले होते. ऑफिसात तो सगळ्यांचा शेखर. माझा पहिल्या आठवड्यातच दादा झाला, कारण डबा न आणल्याबद्दल तो मला सख्ख्या भावासारखा ओरडला.

कामात मात्र तो छळवादी होता. एका स्वल्पविरामासाठी पान परत पाठवायचा. आणि त्याचा एक नियम होता, जो मी इतर कुठल्याही ऑफिसात पाहिला नाही. कागदावर 'सुरू' लिहिलंय म्हणून उत्तरात 'सुरू' लिहायचं नाही. सुनावणीच्या आदल्या दिवशी त्या त्या ठिकाणी स्वतः फोन लावायचा आणि एकच विचारायचं, आज किती पोरं आली? शाळा असो, दवाखाना असो, प्रश्न तसाच साधा. "अगं, सर्टिफिकेट मिळालं म्हणजे बिल्डिंग मिळाली. आत माणूस आहे का, ते फोनवरच कळतं," म्हणायचा. मी त्याला हजेरी मास्तर म्हणून चिडवायचे. त्यावर तो असा गडगडाटी हसायचा की पलीकडच्या टेबलांवरचे गोरे दचकून बघायचे.

त्या वर्षी विजेचे प्रश्न फार होते, म्हणून पाळणाघरांचे फोन त्याने माझ्याकडे सोपवले. दूरदूरच्या वस्त्यांमध्ये सात नवी पाळणाघरं. सहा ठिकाणी फोन उचलला गेला. सातव्याचा नुसता वाजत राहिला. मी तीनदा लावला. चार वाजता माझी मायग्रेशन एजंटकडे वेळ होती. ऑफिस मला स्पॉन्सर करणार होतं, त्या पत्रावर अख्खी परमनंट रेसिडेन्सी टांगलेली. समोर इमारत ताब्यात मिळाल्याचा कागद होताच. मी 'सुरू' लिहिलं, पान दादाच्या ट्रेमध्ये ठेवलं आणि पर्स उचलली. त्याने मान वर न करता विचारलं, "सगळे फोन झाले?"

"हो," मी म्हणाले. दादाने पानाखाली सही केली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीलगतच्या रांगेत बसले होते. विजेचे प्रश्न झाले, रस्त्यांचे झाले. मग एका आमदाराने आपल्या भागातल्या सातव्या पाळणाघराचं नाव घेतलं. मुख्यमंत्र्यांनी पान पाहून शांतपणे सांगितलं की ते सुरू आहे. आमदार म्हणाले, "मी गेल्या आठवड्यात तिथे होतो. दाराला कुलूप आहे. रस्ता पावसात वाहून गेलाय, म्हणून वीज जोडणारे पोचलेले नाहीत. वीज नाही म्हणून पाळणाघर नाही, आणि पाळणाघर नाही म्हणून तिथली नर्स पोराला घेऊन घरी बसलीय, दवाखाना बंद. मला एकच सांगा, ते सुरू आहे की नाही?"

समितीसमोर खोटी माहिती जाणं म्हणजे साधी गोष्ट नव्हे. मुख्यमंत्र्यांनी मागे वळून पाहिलं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी नाही अशी मान हलवली... जेमतेम. त्याला कळलं. त्याने एक क्षणही न घालवता चिठ्ठी लिहिली आणि पुढे दिली. मुख्यमंत्र्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझं मघाचं उत्तर चुकीचं होतं, ते मी मागे घेतो. ते पाळणाघर बंद आहे." समोरच्या बाजूला एकच गलका उठला. चिठ्ठीवर इंग्रजीत एवढंच होतं: बंद आहे, चूक माझी, शेखर. ती मी नंतर फोल्डर आवरताना वाचली.

कॉरिडॉरमध्ये मी त्याला गाठलं. "दादा, मी सांगते त्यांना."

"काय सांगणार? तुझं लेटर सहीला आत गेलंय ना? गप्प बस."

"पण फोन मी—"

"सही माझी आहे, मृणाल. विषय संपला." तो संतापला होता. पुढचे दोन दिवस तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही, आणि ते मला कुठल्याही शिव्यांपेक्षा जड गेलं.

चौकशी झाली. विभागप्रमुखाची जी जागा त्याचीच म्हणून सगळे धरून चालले होते, ती दुसऱ्याला मिळाली. दादाला जुन्या दप्तरांच्या विभागात टाकलं. त्यानंतर तो त्या मागच्या खुर्चीत कधीच बसला नाही. मला पत्र मिळालं, पुढे रेसिडेन्सीही मिळाली. पेढे घेऊन गेले तेव्हा मी विचारलं, "आता सांगू का सगळ्यांना?" तो म्हणाला, "आता काय उकरून काढतेस? परवाच फोन केला मी तिथे. पोरं येतात. बास." मला हायसं वाटलं. तो थोर वगैरे आहे असं मनात आलं नाही, फक्त सुटल्यासारखं वाटलं. मग मी मेलबर्नला आले. दिवाळीला फोन व्हायचे, आणि दर फोनला मी हा विषय शिताफीने टाळायचे.

तो गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी विमानाने वहिनींकडे गेले. भर दुपार होती, पंखा गरगरत होता. जेवणाच्या टेबलाशी बसून मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वहिनी टेबलक्लॉथची सुरकुती सारखी करत राहिल्या.

"म्हणजे तू फोन केलाच नव्हतास?"

"लावला होता, वहिनी. कोणी उचलला नाही."

"आणि त्याला काय सांगितलंस?"

"झाला म्हणून."

"मला म्हणाला, माझ्याकडून राहिलं." त्या थांबत थांबत बोलत होत्या. "मी किती बोलले गं त्याला. दर वर्षी त्या सुनावणीची बातमी लागली की म्हणायचे, जगाला शिकवतोस, आणि तुला एक फोन करता आला नाही? तो चॅनेल बदलायचा. एकदाही... एकदाही तुझं नाव घेतलं नाही." मग एकदम मान वर करून त्यांनी विचारलं, "तुझी रेसिडेन्सी कधी झाली?"

मी सांगितलं. त्या बोटांवर मोजायला लागल्या. आठव्या बोटाला थांबल्या.

"व्हिसाचं मी समजू शकते. पण त्यानंतर आठ वर्षं, मृणाल?"

"सॉरी, वहिनी."

"मला म्हणू नकोस. मी आता कोणाला म्हणू, ते सांग."

त्या उठून आत गेल्या आणि आतूनच म्हणाल्या, "तू निघ आता." मी दार ओढून बाहेर आले. त्यांच्या घराची वाट अरुंद आहे, एका बाजूला कुंपण, दुसऱ्या बाजूला कुंड्या. पाहुणा निघाला की दादा चपला अडकवून रस्त्यावर जाऊन उभा राहायचा आणि दोन्ही हातांनी खुणा करत गाडी मागे घ्यायला लावायचा. कितीही सराईत ड्रायव्हर असो, त्याच्या खुणांशिवाय सुटका नव्हती. भाड्याची गाडी सुरू करून मी सवयीने आरशात पाहिलं. रस्ता रिकामा होता. मी उतरले, मागे कोणी नाही ना ते स्वतः जाऊन पाहिलं आणि मग गाडी काढली. तेव्हापासून वहिनींनी माझा फोन उचललेला नाही. मी रोज लावते.