बुद्धी मोजायची पेटी

नोकरी सुटली तरी शाळेतले किस्से सुटत नाहीत. जुन्या मैत्रिणी चहाला जमल्या की कोणीतरी म्हणतेच, "ती बुद्धी मोजायची गोष्ट सांग गं." एक सांगायला घ्यावी, तर तिच्यामागून चार येतात.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याहून दामले सर आमच्या मालवणकडे आले. मानसशास्त्राचे प्राध्यापक. चित्रं, ठोकळे, प्रश्नांची पुस्तिका, सगळं एका लाकडी पेटीत. त्यांना मालवणी कळेना, म्हणून मला, नुकत्याच लागलेल्या मास्तरणीला, दुभाषी म्हणून सोबत दिलं.

*

पहिली शाळा आचऱ्याची. चित्रात काय काढायचं राहिलंय ते ओळखायचं. समुद्रात होडी होती, वल्हं नव्हतं. एका मच्छीमाराची मुलगी चित्र बघून ताडकन उभीच राहिली.

"बाई, होडयेत माणूसच नाय! सुटान गेली ती. कोणाक तरी हाक मारूक व्हयी."

पुस्तिकेप्रमाणे उत्तर चूक. सरांनी चित्र स्वतःकडे वळवलं. मग मला म्हणाले, "तीन वर्षं हे चित्र दाखवतोय. माणूस नाही हे माझ्याही लक्षात आलं नव्हतं."

*

त्याच शाळेत सरांनी विचारलं, "आंबा आणि काजू यांच्यात सारखं काय?"

दोन्ही फळं, एवढंच हवं होतं. चौथीतल्या एकाने लगेच सांगितलं, "दोनय मुंबयवाले घेवन जातत."

हे मी सरांना प्रमाण मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "अर्धा गुण देऊ या." अर्धा आंब्याचा की काजूचा, ते मी विचारलं नाही.

*

शिरोड्याला प्रौढांच्या वर्गात तातू मेस्त्री होते. होड्या बांधण्यात आयुष्य गेलेलं. सरांनी नऊ ठोकळे पुढे ठेवले, कागदावरची नक्षी दाखवली आणि घड्याळ लावलं.

मेस्त्रींनी एक ठोकळा उचलला, डोळ्यासमोर धरला, खाली ठेवला. मग दुसरा. वेळ संपली तरी नक्षीला हात लावलेला नव्हता.

"मेस्त्री, जमत नाही का?" सरांनी हळूच विचारलं.

"जमात. पन हे सारके खंय आसत? ह्यो एक कोनात उतारलो आसा."

दुसऱ्या दिवशी ते रंधा घेऊनच आले. नऊही ठोकळे तासून एकसारखे केले, मग बघता बघता नक्षी लावली. सर पुढे ते ठोकळे कोणाला उसनेही देत नसत.

*

एकदा पालकांसमोर सरांचं भाषण झालं. बुद्धी एकच नसते, कोणाची शब्दांत चालते, कोणाची आकड्यांत, कोणाची हातांत, असं त्यांनी छान समजावलं. मागून एक आजोबा उठले.

"आमच्या झिलाकडे ह्यातली एक तरी आसात मां?"

"नक्की असेल," सर म्हणाले.

"मगे ती भायर कदी येतली? पोरगो तीस वर्षाचो झालो."

*

आणि कसालची मंजुळा. तिसरीतली, मामाकडे राहणारी. हेडमास्तर म्हणाले, "मंद आहे. वर्षभरात एका प्रश्नाचं उत्तर नाही." मामा दारात उभा होता. सरांनी मंद म्हटलं की तिला शाळेतून काढायचं, असं त्याचं ठरलेलं.

तासभर सरांनी विचारलं. मंजुळा पेटीकडे बघत गप्प. सरांनी शेरा लिहायला पेनाचं टोपण काढलं. मी तिच्याजवळ बसले.

"मंजू, बोलणस कित्याक नाय गो?"

"सरांका सगळा म्हायत आसा. पुस्तकात लिवलेला आसा. मगे माका कित्याक इचारतत?"

मी सरांना सांगितलं. त्यांनी पुस्तिका मिटली. बाहेर बघितलं. दुपारची मालवणची गाडी केव्हाच निघून गेली होती.

"मंजुळा," ते म्हणाले, "आमची गाडी चुकली. आता मालवणला कसं जायचं?"

मंजुळा खिडकीशी गेली. "तिठ्यार बैलगाडी आसतली, कट्ट्याक जाता ती. मामाचा नाव सांगा, गाडीवालो घेतलो. पन डाव्या अंगान चडा नको, तो बैल शिंगा मारता. कट्ट्यार उतरलात काय थयसून मालवणची गाडी मेळात. पाऊस इलो तर देवळात बसा, झाडाखाली नको." एवढं बोलून तिने सरांच्या पायांकडे बघितलं. "आनि ही वाणा काढून हातात घेवा. वाटेत चिखल आसा."

सरांनी मामाला आत बोलावलं. "हिला शाळेतून काढायचं नाही," एवढंच म्हणाले. पुढचा जून उजाडला तेव्हा मंजुळा चौथीत बसलेली होती.

आम्ही निघालो. पेटी माझ्या हातात, वहाणा सरांच्या. मंजुळा फाटकापर्यंत धावत आली.

"सर, ह्या तरी तुमका म्हायत नव्हता मां?"