चप्पल मी धरली होती

अध्यक्षांनी खुर्चीत बसल्या बसल्या उजव्या पायातला बूट काढला आणि शिपायाकडे सरकवला.

"हुंगव तिला. फिट आली मॅडमला."

मी खाली गालिच्यावर बसले होते. हिंगोली जिल्ह्यात बाळापूरकडच्या एका गावातली खासगी शाळा, अध्यक्षांची केबिन, महिन्याची मीटिंग. गालिचा खराब होऊ नये म्हणून आम्ही सगळे शिक्षक चपला दाराबाहेर काढून आत जायचो. बूट फक्त अध्यक्षांच्या पायात. दहावीच्या निकालावर बोलायची माझी पाळी आली, कागद हातात घेतला आणि छाती धडधडायला लागली. हातांना मुंग्या आल्या. श्वास आत जाईना. आपण आत्ता, इथेच मरतो, एवढंच डोक्यात. उभी होते ती खालीच बसले.

मी बेशुद्ध नव्हते. मला सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. शिपाईमामा वाकले, हळूच "माफ करा मॅडम" म्हणाले आणि बूट माझ्या नाकाला लावला. चामडं आणि घाम.

अध्यक्ष हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं. समजूत घातल्यासारखे बाकीच्यांना म्हणाले, "पगार टायमावर, पंखा डोक्यावर, मंग काहून एवढी घाबरून राहिली? या लोकाईला खुर्ची पचत न्हाई."

या लोकाईला. म्हणजे आमच्या बौद्ध वस्तीला. खोलीत ते सगळ्यांना कळलं. कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळाने मला श्वास घेता आला, मी उभी राहिले आणि म्हणाले, "सॉरी सर."

इथेच थांबले तर तुम्ही मला बिचारी म्हणाल. पण ही अर्धीच गोष्ट आहे. बूट नाकाला लागला तेव्हा मला राग आला नव्हता. मला वास ओळखीचा वाटला. बारा वर्षांपूर्वी अशीच एक चप्पल माझ्या हातात होती.

रेखा माझी धाकटी बहीण. बारावीच्या पहिल्याच पेपरला वर्गातून उठून बाहेर आली आणि पायरीवर बसून धापा टाकायला लागली. घरी आणली तरी तेच. "ताई, जीव घाबरून राहिला. छाती फुटते का काय."

मी तेव्हा नुकतीच बी.एड. झालेली. घरातली पहिली शिकलेली पोरगी. विहारात उभी राहून भाषणं द्यायचे, अंगारे-धुपारे सोडा म्हणून. मायने देवऋष्याचं नाव काढलं तेव्हा मी तिला झापलं. आणि मग बाबांची चप्पल उचलली. चप्पल हुंगवणं ही काही अंधश्रद्धा आहे, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. ते तर सगळेच करतात. बाबांनी तिचे हात धरले, मी चप्पल धरली. ती मान फिरवत होती. मी तिची वेणी धरून तोंड सरळ केलं.

थोड्या वेळाने ती शांत झाली.

"पाहा," मी म्हणाले. "नाटक होतं. अभ्यास केला न्हाई म्हणून."

बाबांनी विचारलं, "तू शिकलेली. तूच सांग, काय करावं?"

त्यांनी खरंच विचारलं होतं. मी जे म्हटलं असतं ते त्यांनी केलं असतं. मी म्हणाले, "रिकामं बसून विचार करते, दुसरं काही न्हाई. लग्न करून द्या. संसाराला लागली की बरी होते."

उरलेले पेपर राहिले. उन्हाळ्यात जवळच्याच गोरेगावला तिचं लग्न झालं. सासरी यातलं काही बोलायचं नाही, हेही मीच ठरवलं.

बुटाच्या त्या दिवसानंतर मी हिंगोलीला दवाखान्यात गेले. छातीची ईसीजीची पट्टी काढली, काही निघालं नाही. पुन्हा झटका आला, पुन्हा काढली, पुन्हा तेच. मग मनाच्या डॉक्टरांकडे पाठवलं. बाई होत्या, माझ्याहून लहान. सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या, "हा चिंतेचा आजार आहे. फिट नाही, नाटक नाही, कमकुवतपणा तर नाहीच. याला एकच एक कारण नसतं. काही शरीरात असतं, काही घराण्यातून येतं, काही सोसलेलं असतं. कधी कारण दाखवताच येत नाही. पण उपचार आहेत."

मी विचारलं, "पण चप्पल हुंगवली की थांबतं ना?"

"झटका आपोआपच ओसरतो. नाव चपलेचं होतं." मग त्यांनी विचारलं, "घरात अजून कोणाला आहे?"

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टरसमोर. गोळ्यांची चिठ्ठी हातात असताना. बसस्टँडपर्यंत आले आणि पुढे पाय उचलेना. नाव चपलेचं होतं. बारा वर्षं मला वाटत होतं, मी तिचं नाटक पकडलं. मी परत गेले, दारातूनच सांगितलं, "धाकट्या बहिणीला आहे. मी तिला चप्पल हुंगवली होती." त्या रागावल्या नाहीत. "घेऊन या," एवढंच म्हणाल्या. रागवायला पाहिजे होतं.

गोरेगावला रेखा ओसरीवर सोयाबीन निवडत होती. मी सगळं सांगितलं. बूट, डॉक्टर, सगळं. तिचे हात चालूच होते. मग ती उठली, आतून बाजाराची पिशवी आणली आणि तिच्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक चप्पल काढली. टाच झिजलेली. बाबांची. बाबा जाऊन चार वर्षं झाली.

"लग्नात मायनं पेटीत घालून देली. जीव घाबरला का मीच हुंगते. कोणाले सांगत न्हाई. बाजारात बी संगं असते."

मी हात पुढे केला. "दे, मी फेकून देते."

तिने चप्पल मागे ओढली. "राहू दे. तवा तूच धरली. आता सोड म्हणून बी तूच सांगून राहिली?"

"मग मी काय करू, रेखा?"

"माहे पेपर आणून देतं का?"

सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी देता येते, असं मी काहीतरी बोलले. ती परत सोयाबीन निवडायला बसली. पुढच्या आठवड्यात ती दवाखान्यात आली, पिशवी घेऊन. आता औषध चालू आहे. चप्पल पिशवीतच आहे. तिने मला माफ केलेलं नाही. मी मागितलेलंही नाही. मागायचं तोंड नाही.

पुढच्या मीटिंगला मी चपला काढल्या नाहीत. तशीच गालिच्यावरून चालत जाऊन खुर्चीवर बसले. माझं नाव आलं आणि छाती धडधडायला लागली. अध्यक्ष बुटाकडे वाकले.

"बूट पायातच राहू द्या, सर. मला चिंतेचा आजार आहे. झटका ओसरला की मी बोलते. तोपर्यंत कोणी माझ्या अंगाला हात लावायचा नाही."

"मॅडम, इथं चप्पल बाहेर काढून यायची रीत हाये."

"रीत मी लई पाळली सर. सख्ख्या बहिणीवर पाळली."

खुर्चीचे हात धरून बसले. घाम गळत होता, सगळे बघत होते. बघू दे. शिपाईमामा माझ्या आणि अध्यक्षांच्या मधे येऊन उभे राहिले, माझ्याकडे पाठ करून. झटका ओसरला तशी मी कागद उचलला आणि निकाल वाचला. आवाज शेवटपर्यंत कापत होता.

दुसऱ्या दिवशी शिस्तभंगाची नोटीस आली. तिचं उत्तर मी देईन. पण त्याआधी रविवारी विहारात गेले. जिथे भाषणं द्यायचे, तिथेच उभी राहिले आणि वस्तीसमोर सांगितलं: रेखा नाटक करत नव्हती. तिला आजार होता. तिचे पेपर मी बुडवले. चप्पल मी धरली होती.

मागून एक म्हातारी म्हणाली, "झालं ते झालं, लेकरा. तुला तरी काय माहीत व्हतं."

"झालं न्हाई, मावशी," मी म्हणाले. "ती चप्पल अजून तिच्या पिशवीत हाये."

जोवर ती तिथे आहे, तोवर मी हे सांगत राहणार. दर वेळी, आणि दर वेळी माझं नाव आधी घेऊन.